‘साठ तीन’ की ‘त्रेसष्ट’? गणिताच्या नव्या पद्धतींबद्दल पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

जूनमध्ये नवी पुस्तकं घरी गेली की पहिल्या पंधरवड्यातच शाळेच्या फाटकाशी पालक गाठतात. “बाई, हे काय नवीन काढलंय?” मी प्राथमिकच्या वर्गांना बरीच वर्षं गणित शिकवते. खालचे प्रश्न पालकसभेतले, फाटकावरचे आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री साडेदहाला येणारे आहेत. उत्तरं माझी आहेत, शाळेची किंवा शिक्षण खात्याची नाहीत. माझं मत आधीच सांगून टाकते. बदललेल्या बहुतेक पद्धती चांगल्या आहेत. ज्यांच्या घरात बसून त्यांचा अभ्यास होणार होता, त्या आईबापांना आणि आजीआजोबांना कुणी काही सांगितलं नाही, ही खरी चूक झाली.

‘त्रेसष्ट’ बंद करून ‘साठ तीन’ म्हणायचं ठरलं, हे खरं का?

नाही. २०१९ साली बालभारतीचं दुसरीचं गणिताचं पुस्तक नव्याने आलं. त्यात एकवीस ते नव्याण्णवपर्यंतच्या संख्या दोन तऱ्हांनी वाचून दाखवल्या होत्या. ‘वीस एक’ आणि ‘एकवीस’, ‘साठ तीन’ आणि ‘त्रेसष्ट’. जुनं नाव काढलेलं नव्हतं, शेजारी एक सोपी वाट दिली होती. पण बातमी पसरली ती ‘जोडाक्षरं काढली, मराठी बुडवली’ अशी. विषय विधिमंडळाच्या पावसाळी अधिवेशनात गेला, सभागृहात मुख्यमंत्री फडणवीसांच्या आडनावातल्या ‘वीस’वरही कोटी झाली, आणि दोन आठवडे महाराष्ट्रात प्रत्येकाला संख्यावाचनावर मत होतं. पुस्तकाचं ते पान उघडून पाहिलेले मला त्यांत मोजकेच भेटले.

तेव्हा बालभारतीच्या गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. त्या स्वतः गणितज्ञ, आणि मुलांना गणित सोपं करून सांगण्यात त्यांची कित्येक वर्षं गेलेली. त्यांचं म्हणणं सरळ होतं: लहान मूल संख्या ऐकतं एका क्रमाने आणि लिहितं उलट्या क्रमाने, तिथे त्याला आधार द्या.

पण गरजच काय होती? आम्ही शिकलोच की.

आपण शिकलो. आपल्या वर्गात मागच्या बाकांवर बसणारे शिकले का, हेही आठवून पाहा.

दुसरीतल्या मुलाला ‘त्रेसष्ट’ लिहायला सांगा. कानावर आधी ‘त्रे’ पडतं, म्हणून हात आधी ३ काढतो, मग ६. पाटीवर छत्तीस. ‘सत्तेचाळीस’चे चौऱ्याहत्तर होतात. मूल ढ नसतं. ऐकलं त्याच क्रमाने त्याने लिहिलेलं असतं.

दुसरी अडचण नावांचीच आहे. एकवीस, एकतीस इथवर ठीक. पुढे एक्केचाळीस, एक्कावन्न, एकसष्ट, एक्काहत्तर, एक्क्याऐंशी, एक्क्याण्णव. एकच ‘एक’ दर दशकाला वेष बदलतो. पन्नासचं कधी ‘वन्न’ होतं (बावन्न), कधी ‘पन्न’ (त्रेपन्न), सत्तरचं ‘हत्तर’ होतं. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा, एकोणऐंशी म्हणजे ऐंशीला एक उणा. ही युक्ती कळली की मुलं खूश होतात. मग नव्याण्णव येतं, तिथे ‘एकोण’ गायब! थोडक्यात, शंभरपर्यंत जवळजवळ प्रत्येक संख्येचं नाव वेगळं पाठ करावं लागतं. इंग्रजीत वीसच्या पुढे तसं नाही, ट्वेंटीला वन, टू, थ्री जोडत गेलं की झालं. कानडीत आणि तेलुगूतही आधी वीस, मग एक. सोलापूर-अक्कलकोटकडे घरी कानडी बोलणारी मुलं मराठी शाळेत येतात, त्यांना आपला उलटा क्रम चांगलाच अडतो.

‘साठ तीन’ म्हटलं की सहा दशक आणि तीन सुटे डोळ्यांपुढे येतात. एवढ्यासाठीच ती सोय.

यात मराठी भाषेचं नुकसान नाही का?

‘त्रेसष्ट’ शिकवलंच नाही तर आहे. आणि ही भीती मी हसण्यावारी नेत नाही, कारण नुकसान होताना रोज दिसतं. फक्त ते या पुस्तकामुळे होत नाही. मंडईत भाजीवाल्या मावशी “पंचेचाळीस द्या” म्हणतात आणि नववीतला मुलगा आईकडे वळून “म्हणजे फोर्टी फाइव्ह ना?” विचारतो. त्याने ‘चाळीस पाच’ कधी ऐकलेलंही नसतं.

जगात असा बदल करणारे आपण पहिले नाही. नॉर्वेच्या संसदेने १९५१ मध्ये ‘एक आणि वीस’ सोडून ‘वीस एक’ म्हणण्याची पद्धत अधिकृत केली. टेलिफोनचे नंबर सांगताना होणारा घोळ हे त्यामागचं एक मोठं कारण. तिथे कितीतरी लोक अजूनही बोलताना जुनीच पद्धत वापरतात, आणि देश चालतो. जर्मन लोक आजही ‘एक आणि वीस’ म्हणतात.

मग घरी नेमकं काय म्हणायचं?

दोन्ही. “साठ आणि तीन, त्रेसष्ट.” एका दमात. तिसरीच्या दिवाळीपर्यंत ‘साठ आणि तीन’ हा तुकडा आपोआप गळून पडतो.

आजोबांनी घातलेली वजाबाकी बरोबर होती, उत्तरही बरोबर. तरी वहीत ‘पद्धत चुकली’ असा शेरा का?

या एका प्रश्नावरून घराघरांत जेवढी भांडणं झाली असतील तेवढी संख्यावाचनावरून झाली नसतील. म्हणून जरा सविस्तर.

बावन्न वजा सत्तावीस घेऊ. आजोबा म्हणतात: दोनातून सात जात नाहीत. बारातून सात गेले, पाच. हातचा एक. दोन आणि एक तीन. पाचातून तीन गेले, दोन. उत्तर पंचवीस.

बाई म्हणतात: पाच दशकांतला एक दशक सुटा केला. आता वर राहिले चार दशक आणि बारा सुटे. बारातून सात गेले, पाच. चारातून दोन गेले, दोन. उत्तर पंचवीस.

मूल मध्ये बसलेलं. आजोबा खालच्या दोनाचे तीन करतात, बाई वरच्या पाचाचे चार करतात. त्याने घाबरून दोन्ही केलं की उत्तर येतं पंधरा, आणि मग सगळेच त्याच्यावर ओरडतात.

आजोबांची पद्धत शंभर टक्के बरोबर आहे. ती का बरोबर आहे हे मात्र आजोबांनाही बहुधा कुणी सांगितलेलं नसतं. काका बावन्न वर्षांचे आणि पुतण्या सत्तावीसचा असेल, तर दहा वर्षांनी ते बासष्ट आणि सदतीसचे होतील. दोघांतलं अंतर तेवढंच राहील. आजोबा तेच करतात: वरच्या संख्येत दहा सुटे मिळवतात, खालच्या संख्येत एक दशक मिळवतात. फरक बदलत नाही. फार देखणी युक्ती आहे ही. मधे शून्यं आली की तर ती नव्या पद्धतीपेक्षा झरझर चालते. चारशेतून एकशे अठ्ठ्याहत्तर वजा करून पाहा. बाईंच्या पद्धतीत आधी शतक मोडा, मग दशक मोडा. आजोबा तेवढ्यात दोनशे बावीस सांगून चहाला लागलेले असतात.

मग ती बदलली का? कारण ‘हातचा एक’ कुठून आला आणि खाली का गेला, हे सात-आठ वर्षांच्या मुलाला हातात घेऊन दाखवता येत नाही. दशक सुटा करणं दाखवता येतं. दहा काड्यांचा गठ्ठा घ्या, रबर काढा, झाले दहा सुटे. दहाची नोट मोडून रुपये घ्यावेत तसं. समज आधी, वेग नंतर, असा तो हिशेब आहे.

आता शेऱ्याबद्दल. उत्तर बरोबर असताना ‘पद्धत चुकली’ लिहिणं मला पटत नाही, माझ्या सहकाऱ्यांनी लिहिलं तरी. ‘वर्गातली पद्धतही करून पाहा’ असं लिहावं. पालकांना विनंती एवढीच की दुसरी-तिसरीत, पद्धत हातात बसेपर्यंत, वर्गातली वाट चालू द्या. चौथीत आजोबांची शिकवा, काका-पुतण्याच्या गोष्टीसकट.

तिसरी वाटही आहेच. किराणा दुकानात सुटे परत देताना वापरतात ती. सत्तावीसचे तीस, तीन रुपये. तिसाचे पन्नास, वीस रुपये. वर दोन. झाले पंचवीस. हिला कुणी नवी पद्धत म्हणून नावं ठेवत नाही.

गुणाकाराला उभी मांडणी सोडून चौकटी कशाला?

चोवीस गुणिले तेरा. चौकटीत वीस आणि चार एका बाजूला, दहा आणि तीन दुसऱ्या बाजूला: दोनशे, साठ, चाळीस, बारा. बेरीज तीनशे बारा. आपण उभ्या मांडणीत दुसऱ्या ओळीला एककाच्या घरात फुली मारायचो, आठवतं? ती फुली का मारायची हे मला डी.एड.ला जाईपर्यंत माहीत नव्हतं. ती शून्याची जागा आहे, कारण आपण एकाने नाही, दहाने गुणत असतो. चौकटीत हे लपून राहत नाही. पुढे बीजगणितात दोन कंसांचा गुणाकार येतो तेव्हा हीच चौकट पुन्हा भेटते. उभी मांडणी शिकवतातच, थोडी उशिरा.

पाढे पाठ करून घ्यायचे की नाही? काही शाळा नको म्हणतात.

घ्यायचे. दहापर्यंतचे झोपेतून उठवलं तरी आले पाहिजेत. यात मी जुन्या वळणाची आहे.

‘घोकंपट्टी नको’ याचा अर्थ ‘पाठांतर नको’ असा काही जणांनी लावला, आणि त्याची किंमत सहावीत अपूर्णांकांच्या वेळी मुलं मोजतात. छेद समान करायला घ्यावा तर मुलाला बारा आणि अठरा कोणत्या पाढ्यांत भेटतात तेच आठवत नाही. पण ‘बे एके बे, बे दुणे चार’ नुसतं सुरात म्हणणं आणि पाढा येणं यांतही फरक आहे. माझ्या वर्गात एक मुलगी सातचा पाढा सुंदर म्हणायची. “सात आठी?” असं मधूनच विचारलं की तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची. तिला एवढंच शिकवलं: सात साती एकोणपन्नास येतं ना, त्यात सात मिळव. छप्पन्न.

अकरा ते वीस पाठ असले तर छान, नसले तर बांधता यावेत. सतरा सक किती? दहा सक साठ, सात सक बेचाळीस, एकशे दोन. वीस ते तीसचे पाढे पाठ नाहीत म्हणून मुलाला जेवायला उशिरा वाढणाऱ्या आया मला भेटल्या आहेत. असं करू नका हो.

पूर्वी पावकी, निमकी, दिडकी, औटकी शिकवायचे. ते बंद केल्यानेच गणित कच्चं झालं ना?

पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन यांचे पाढे होते ते. आणि ते उगाच नव्हते. रुपयाचे सोळा आणे, मणाचे चाळीस शेर, अशा जगात दुकानावर बसणाऱ्या मुलाला दिडकी-अडीचकी रोज लागायची. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पाठोपाठ किलो आणि मीटर आले, आणि त्या पाढ्यांचं रोजचं काम संपत गेलं. त्या वेळच्या पालकांनीही कुरकुर केलीच. सहा आणे म्हणजे साडेसदतीस नवे पैसे, आता अर्धा पैसा कुठून आणायचा, असा वाद घालणारे आमच्या आजोळी होते.

साडेतीनला ‘औट’ म्हणायचे. ‘औट घटकेचं राज्य’ त्यातूनच. घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे ते राज्य चौऱ्याऐंशी मिनिटांचं. पाचवीच्या मुलांना हे गणित घाला, आवडतं.

मुलगा बोटं मोजतो. थांबवू का? काड्या-मणी किती दिवस चालायचे?

थांबवू नका. मोजणं बंद करायला सांगितलं की मुलं बाकाखाली मोजतात. गरज संपली की सुटतं. तिसरीच्या शेवटीही आठ अधिक पाचला एकापासून मोजत असेल, तर बाईंशी बोला. तिथे ‘आठाचे दहा करायला दोन, उरले तीन, तेरा’ ही पायरी राहून गेलेली असते.

गणितपेटीतल्या माळा कपाटात कुलपात ठेवण्याची काही शाळांची पद्धत आहे, मणी हरवतात म्हणून. हरवू द्या. घरी चिंचोके आहेत, गजऱ्याच्या पुडीवरचे रबर आहेत.

नव्या पद्धतीने मुलं खरंच सुधारली का? काही आकडे आहेत?

‘प्रथम’ ही संस्था २००५ पासून ‘असर’ नावाची पाहणी करते. गावोगाव घरी जाऊन मुलांना वाचायला आणि साधी गणितं करायला देतात. २०२२ मध्ये ग्रामीण भारतात तिसरीतल्या २५.९ टक्के मुलांना हातच्याची दोन अंकी वजाबाकी आली, २०२४ मध्ये ३३.७ टक्के मुलांना. वाढ चांगली आहे. पण तिसरीतल्या तीन मुलांपैकी दोघांना अजून ती येत नाही, हेही त्याच आकड्यात आहे. ही वाढ काड्या-चौकटींची की करोनानंतर शाळा नीट भरू लागल्याची, हे या आकड्यांवरून कुणी छातीठोक सांगू नये. केंद्राने जुलै २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ सुरू केलं, २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला पायाभूत वाचन आणि अंकज्ञान यावं हे त्याचं लक्ष्य. आमच्याकडे त्याच्या तक्त्यांच्या फाइली भरपूर झाल्या. वर्गात त्यासाठी वेळ मिळाला का, हे मला विचारू नका.

सेमी इंग्रजीत घालावं का? पाचवीला गणित इंग्रजीतून आलं की मूल गडबडतं.

गडबडतं ते गणितामुळे कमी, शब्दांमुळे जास्त. काल लसावि-मसावि होतं, आज एलसीएम-एचसीएफ. काल छेद, आज डिनॉमिनेटर. घरी वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने करा, मराठी शब्द आणि इंग्रजी शब्द. पन्नाससाठ शब्दांत प्राथमिकचं काम भागतं. सेमी घ्यायचं की नाही हे तुमच्या गावातल्या शाळेत इंग्रजीतून गणित समजावणारे शिक्षक आहेत का, यावर ठरवा. शेजाऱ्यांनी घेतलं यावर नको. समजतं मराठीत आणि पेपर इंग्रजीत, असं चालतं. उलटं चालत नाही.

अबॅकस किंवा ‘वैदिक गणिता’चा क्लास लावू का?

मुलाला मजा येत असेल तर लावा. अबॅकसने हिशेबाचा वेग वाढतो, शाब्दिक उदाहरण त्याने सुटत नाही. ‘वैदिक’ म्हणून शिकवतात त्या युक्त्या शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांच्या, त्यांच्या निधनानंतर १९६५ मध्ये छापलेल्या पुस्तकातल्या आहेत. ती सूत्रं उपलब्ध वेदांत सापडत नाहीत. युक्त्या चलाख आहेत, गणिताने बरोबरही आहेत. वर्षाची फी भरण्याएवढ्या मात्र नाहीत.

आम्ही अमेरिकेत राहतो. इथेही मुलगी साध्या बेरजेला रेषेवर उड्या मारते. हे काय?

तिकडे हा वाद आपल्यापेक्षा जुना आहे. १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला, अमेरिकेने घाईघाईने शाळेत ‘न्यू मॅथ’ नावाचं नव्या धाटणीचं गणित आणलं, पालकांना ओ की ठो कळेना आणि सत्तरच्या दशकात ते गुंडाळलं गेलं. २०१० मध्ये ‘कॉमन कोअर’ हा शाळांसाठीचा सामायिक अभ्यास-आराखडा आला, पुन्हा तेच. तुमची मुलगी मारते त्या उड्या म्हणजे वर सांगितलेली किराणा दुकानाची पद्धत. सत्तावीस ते तीस, तीस ते पन्नास. तिला सुट्टीत इकडे आणलंत की वाण्याकडे पाठवा.

अभ्यास घेताना रोज रडारड होते. काय करू?

तुम्ही शिकवू नका, तिला शिकवायला सांगा. “तुमच्या बाईंनी कसं केलं, मला दाखव.” तिला सांगता आलं तर तिला आलंय. नाही आलं तर वहीत ‘इथे अडलं’ एवढं लिहून पाठवा, स्वतः उत्तर लिहून देऊ नका. सोडवून आलेल्या वहीवरून मला काहीच कळत नाही.

पालकसभेत काय विचारावं?

“अमुक बेरीज-वजाबाकी तुम्ही फळ्यावर करून दाखवता का?” एवढंच. दोन वर्षांपूर्वी एका बापाने हे विचारलं. त्या दिवशी सभा अर्धा तास जास्त चालली, तीसेक पालकांनी काड्यांचे गठ्ठे सोडले, आणि नंतर वर्षभर वजाबाकीवरून एकही तक्रार आली नाही. २०२५-२६ पासून पहिलीला राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यावर बेतलेली नवी पुस्तकं आली आहेत. पुढच्या इयत्तांची बदलतील तेव्हा पहिल्याच सभेत हे मागून घ्या.

मुलाला बाईंची पद्धतही येते आणि आजोबांचीही. पेपरात कोणती लिहायची?

प्रश्नात पद्धत सांगितली असेल तर ती. नसेल तर हाताला जी सवयीची असेल ती. आणि उरलेल्या वेळात शेजारी ताळा लिहायला सांगा: २५ अधिक २७ बरोबर ५२. तो दोन्ही पद्धतींना एकच लागतो.